रकान्यात न मावणारी कमाई

मार्च संपत आला की आमच्या विभागात एक तक्ता फिरायला लागतो. आधी ई-मेल येतो, मग फोन, मग 'अजून आला नाही' म्हणून दुसरा फोन. 'वर्षभरातील उपक्रम व उपलब्धी' असं त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. खाली रकाने ठरलेले: शोधनिबंधाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन क्रमांक, चर्चासत्र राज्यस्तरीय की राष्ट्रीय, उपस्थितांची संख्या, फोटो जोडला आहे का. आमचा विभाग छोटा, संस्कृती-अभ्यासाचा. पदव्युत्तर वर्ग आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके पीएच.डी.चे विद्यार्थी. तक्ता भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि ते मी मन लावून करते, कारण विभागाला पुढं काय मिळणार हे बरंचसं या कागदावर ठरतं. पण दोन वर्षांपूर्वी एका नोंदीपाशी माझा हात थांबला. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

आमची एक विद्यार्थिनी मराठवाड्यातल्या एका गावात जात्यावरच्या ओव्यांवर काम करत होती. गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला, जाती अंगणात पालथी पडलेली, पण साठी-सत्तरीच्या बायकांच्या तोंडी ओव्या होत्या. तिनं शे-सव्वाशे ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या, वहीत उतरवल्या, विषयवार लावल्या आणि प्रकरण लिहून माझ्यापुढं ठेवलं. प्रकरण चांगलं होतं. मी चार खुणा करून परत दिलं. मग तिनंच विचारलं, "मॅडम, ही वही त्यांना एकदा वाचून दाखवू का?"

आम्ही दोघी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात आठ-नऊ जणी जमल्या. तिनं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीलाच एका आजींनी हात वर केला. "माय, आमी येळ म्हंतो. तू वेळ कामून केलंस?" मुलीनं वही पाहिली, फोन कानाला लावून पुन्हा ऐकलं. ध्वनिमुद्रणात 'येळ'च होतं. उतरवताना तिच्या नकळत 'वेळ' झालं होतं. ही मुलगी शेजारच्याच तालुक्यातली. घरी ती स्वतः येळ म्हणते. इतक्या वर्षांच्या शिक्षणानं तिच्या हाताला लागलेली सवय त्या आजींनी एका वाक्यात पकडली. त्या दुपारी वहीत लाल पेनानं साठेक दुरुस्त्या झाल्या.

पण खरी गोष्ट पुढं घडली. भावाच्या ओव्या आल्या. दिवाळी तोंडावर आली, वाट दिसते, भाऊ दिसत नाही, अशा अर्थाच्या सात-आठ ओव्या होत्या. आम्ही त्या 'माहेरची ओढ' या मथळ्याखाली लावल्या होत्या. या विषयावर आपल्याकडं इतकं लिहून झालं आहे की मथळा देताना थांबावंसंही वाटलं नाही. बायका ऐकत होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, ही माझ्या आईची ओवी. हक्कसोडीच्या कागदावर अंगठा देऊन आली, त्या सालची. हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावांच्या नावे सोडून दिल्याचा कागद. "कागद झाला, मंग कशाला येतंय कोन?" दुसरी म्हणाली, माझ्यात बी तसंच झालं. तिसरी काहीच बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसून राहिली.

परतीच्या एसटीत त्या मुलीनं 'माहेरची ओढ' या शब्दांवर रेघ मारली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली मुलाच्या बरोबरीचा झाला, तरी अंगठा घ्यायची रीत गावोगाव चालूच आहे. ते तिला माहीत होतं, मलाही होतं. ओवीत ते शिरलेलं आहे हे मात्र आम्हाला दिसलं नव्हतं. पुढचे पाच महिने ती तलाठी कार्यालयात जाऊन फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, वाचायला शिकली आणि प्रकरण मुळापासून नव्यानं लिहिलं. त्या वर्षी तिचा एकही शोधनिबंध छापून आला नाही. तक्त्यात तिच्या नावापुढं मी शून्य लिहिलं.

माझं म्हणणं या शून्याबद्दल आहे. संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या विभागाची खरी कमाई दोन गोष्टींत असते. एकट्याला न दिसणारं काही चार जणांनी मिळून पाहिलं का, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्यापुढं ते परत नेऊन तपासलं का. या दोन्ही गोष्टींना आपल्या विद्यापीठांच्या हिशेबात जागा नाही. जागा नसल्यामुळं त्या आधी मागं पडतात आणि मग बंद होतात. मी ज्या विषयात काम करते त्याचा सगळा इतिहास माझ्या बाजूनं साक्ष देतो.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात 1964 साली रिचर्ड हॉगर्ट या इंग्रजीच्या प्राध्यापकानं समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं एक केंद्र काढलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच ते होतं. पेंग्विन प्रकाशनाचे ॲलन लेन यांनी दिलेली देणगी हा त्याचा आधार. शिक्षक किती, तर दोन-तीन. त्यातला एक जमैकाहून आलेला स्टुअर्ट हॉल. पुढं तोच केंद्राचा संचालक झाला आणि 1979 पर्यंत तिथं राहिला. हेन्री जेम्सवर त्यानं पीएच.डी.चं काम सुरू केलं होतं, ते अर्धवट सोडलं. आपल्याकडं आज प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करताना त्याची पहिल्याच चाळणीत अडचण झाली असती.

तिथं शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. शिक्षक कमी आणि विषय नवा, त्यामुळं विद्यार्थ्यांनीच गट पाडले. कुणी वर्तमानपत्रांवर, कुणी कामगार वस्त्यांतल्या पोरांच्या कपड्यांवर आणि संगीतावर, कुणी बायकांच्या मासिकांवर. गटानं वाचायचं, गटानं लिहायचं, आणि जे अर्धंकच्चं तयार होईल ते स्टेन्सिलवर टंकून त्याच्या प्रती काढायच्या. सायक्लोस्टाइल यंत्राची शाई हाताला लागलेली पिढी आपल्याकडंही आहे. त्याच सुमारास आपली लघुनियतकालिकं अशीच निघत होती. या स्टेन्सिलच्या प्रती हातोहात जगभर गेल्या. कुणी त्या 'प्रकाशन' म्हणून धरल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

त्यातलं एकच काम जवळून पाहू. नोव्हेंबर 1972 मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात तीन मुलांनी रात्री एका माणसाला जबर मारहाण करून लुटलं. हाती लागलं काय, तर 30 पेन्स, किल्ल्या आणि पाच सिगरेटी. पुढच्या मार्चमध्ये निकाल लागला: सोळा वर्षांच्या एका मुलाला 20 वर्षं, बाकी दोघांना 10-10 वर्षं. गुन्हा गंभीर होता, हे केंद्रातल्या लोकांनी कधी नाकारलं नाही. पण त्यांनी प्रश्न फिरवला. मुलांनी असं का केलं हे तर सगळेच विचारत होते. न्यायाधीश, पोलीस, वर्तमानपत्रं आणि मंत्री यांना याच वेळी, याच गुन्ह्याची इतकी धास्ती का वाटावी, हा प्रश्न त्यांनी घेतला. 'मगिंग', म्हणजे रस्त्यात मारहाण करून लुटणं, हा अमेरिकेतून आलेला शब्द ब्रिटिश वर्तमानपत्रांत कसा रुजला, तो काळ्या तरुणांना कसा चिकटला, वर्तमानपत्र न्यायाधीशाचा हवाला देतं आणि न्यायाधीश जनमताचा, जे त्याच वर्तमानपत्रानं घडवलेलं असतं, हे वर्तुळ त्यांनी कात्रणं लावून लावून उलगडलं. पुस्तक आलं 1978 साली. वेष्टनावर पाच नावं: हॉल, क्रिचर, जेफरसन, क्लार्क, रॉबर्ट्स. निकालापासून मोजलं तरी पाच वर्षांचं काम. आपल्याकडं रात्रीच्या चर्चांमध्ये एखाद्या जमातीला किंवा वस्तीला गुन्हेगार ठरवताना पाहिलं की मला आजही ते वर्तुळ समोर दिसतं.

आता या पुस्तकाला आपला हिशेब लावून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत आंतरराष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला 12 गुण आहेत आणि भाषा-मानव्य शाखांतल्या एका शोधनिबंधाला 10. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. म्हणजे या पाचांतल्या चौघांच्या वाट्याला प्रत्येकी 3.6 गुण आले असते. एकट्यानं चार महिन्यांत लिहिलेल्या साध्या निबंधाला 10. ज्या मुलीला नोकरी हवी आहे, घरी कर्ज आहे, ती कोणती वाट धरेल? आणि तिनं ती धरली तर तिला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा?

बर्मिंगहॅमच्या त्या केंद्राचं पुढं काय झालं, हेही सांगायला हवं. त्याचं यथावकाश पूर्ण विभागात रूपांतर झालं, पदवीचे वर्ग आले. ब्रिटनमध्ये संशोधनाचं मूल्यमापन ठरावीक वर्षांनी होत असे. प्रत्येक अध्यापकाची जास्तीत जास्त चार प्रकाशनं पाहून विभागाला श्रेणी द्यायची. 2001 च्या फेरीत या विभागाला '3ए' मिळाली, सात पायऱ्यांतली बरोबर मधली पायरी. 2002 साली विद्यापीठानं विभाग बंद केला. विद्यार्थी रस्त्यावर आले, जगभरातून पत्रं गेली, पण निर्णय बदलला नाही. 2002 चा विभाग म्हणजे 1975 चं केंद्र नव्हतं, हे मी मान्य करते. माणसं बदलली होती, काळ बदलला होता. तरी ज्या जागेतून एक अख्खी ज्ञानशाखा जगभर गेली ती जागा एका मधल्या श्रेणीवरून पुसली जाते, यातून मोजपट्टीच्या हाती किती सत्ता असते ते कळतं.

आपल्याकडचा दाखला तर याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही. हे फुल्यांनी स्वतः 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलं आहे. शेतकरी जोडप्याला भट कसा नाडतो आणि शेवटी ती दोघं शिकायला कशी निघतात, एवढीच त्याची गोष्ट. मराठी समाजाचं इतकं नेमकं वाचन तोपर्यंत कुणी केलं नव्हतं. पण त्या वर्षीच्या तक्त्यात त्याच्यापुढं शून्यच पडलं.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी 2010 साली वर्गाध्यापनावर जो इंग्रजी लेख लिहिला त्याच्या शीर्षकात हे तृतीय रत्न आहे. 1987 साली सुरू झालेलं हे केंद्र सावित्रीबाईंच्या नावानं ओळखलं जातं. रेगे लावणीवर, पोवाड्यावर, दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर लिहीत होत्या. त्याला मानमान्यता मिळाली आणि ती योग्यच होती. मला मात्र त्यांचं वर्गातलं काम जास्त मोठं वाटतं. खेड्यातून, बहुजन घरांतून आलेली, इंग्रजीला दबकणारी मुलं वर्गात बसलेली असताना शिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी संशोधनाइतकाच महत्त्वाचा मानला. मुलांना 'वर आणण्याची' भाषा त्यांनी टाकली. वर्गात काय शिकवलं जातं, कोणाचं जगणं ज्ञान म्हणून धरलं जातं, याची तपासणी त्यांनी मांडली.

त्या वर्गांतून 2009 साली एक पुस्तिका निघाली: 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही थाळी भारतीय नाही का? शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून केलेलं काम. दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी, आत्मकथनांतले भुकेचे आणि सणाचे उल्लेख, आणि पाककृती. महाराष्ट्रीय जेवण म्हटलं की वरणभात, पुरणपोळी, आळूची भाजी असं एक ताट डोळ्यांपुढं येतं; पाककलेची पुस्तकं तेच ताट पुन्हा पुन्हा वाढतात. त्या ताटात अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र नाही, हे या मुलांनी आपापल्या घरच्या चुलीपाशी जाऊन सांगितलं. वर्गात स्वतःचा डबा उघडायला संकोचणारी मुलगी आईला विचारून वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा करतात ते लिहून आणते, तेव्हा त्या वर्गात काय बदलत असेल याची कल्पना शिकवणाऱ्या कुणालाही करता येईल. पुढच्या काळात मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवर मराठीत स्वतंत्र पुस्तक आलं, इंग्रजीत त्याचा अनुवाद झाला, त्यावर देशभर बोललं गेलं. पण विद्यापीठाच्या एका वर्गानं हा विषय अभ्यासाच्या मेजावर आधीच ठेवला होता.

ओव्यांचंही तसंच. महाराष्ट्रातला जात्यावरच्या ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह कुठल्या विद्यापीठाच्या विभागानं केलेला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी मुळशीच्या डोंगरी भागातल्या गरिबांच्या संघटनेत काम करताना तो सुरू केला आणि हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. 2017 पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळानं त्या लोकांपुढं आणल्या, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहिलेलं असतं. मला हे नाव-गाव फार मोलाचं वाटतं. आपल्या कित्येक प्रबंधांत बाई 'निवेदक क्रमांक 14' असते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग मोजणीच नको. हे मी म्हणणार नाही. मोजणी नव्हती तेव्हाचे दिवस मी विद्यार्थिनी म्हणून पाहिले आहेत. विभागप्रमुखाच्या मर्जीवर फेलोशिप, आडनावावर जागा, आणि पंचवीस वर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणारे प्राध्यापक, ज्यांना कुणी काही विचारू शकत नव्हतं. त्या काळी जिच्या घरात पहिल्यांदा कुणी पदवी घेतली अशा मुलीकडं 'मी काम केलं आहे' हे सांगायला काही साधनच नव्हतं. छापलेला निबंध, क्रमांक, तारीख हे तिच्या हातातलं पहिलं प्रमाण होतं. 'गुणवत्ता आकड्यांत मोजता येत नाही' हे वाक्य ज्यांची गुणवत्ता कधी कुणी विचारलीच नाही त्यांच्या तोंडी मी फार वेळा ऐकलं आहे. आकड्यांचा राग येताना ही बाजू मी विसरू शकत नाही.

पण त्या मुलीच्या हाती दिलेलं साधनही बाजारात नेऊन बसवलं गेलं. निबंध सक्तीचा झाला आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकावी लागली. मग मान्य नियतकालिकांची नवी, 'केअर' नावाची यादी आली. 2022 च्या नियमांत पीएच.डी.आधी निबंध छापण्याची सक्ती उठली आणि 2025 च्या सुरुवातीला केअर यादीही बंद झाली. पंधरा वर्षांत एवढ्या वेळा मोजपट्टी बदलली, आणि प्रत्येक वेळी भुर्दंड पडला तो मधल्या पिढीला, जिनं जुन्या पट्टीप्रमाणं पैसे भरून, रात्री जागून कागद जमवले होते. जानेवारी 2025 मध्ये आयोगानं प्राध्यापक-नेमणुकीचा नवा मसुदा आणला. त्यात गुणांची बेरीज बाजूला ठेवून 'उल्लेखनीय योगदान' पाहावं असं म्हटलं आहे, आणि भारतीय भाषांतलं अध्यापन व समाजाबरोबरचं काम यांचा त्यात उल्लेख आहे. कुलगुरू-निवडीच्या कलमांवरून इतकं वादळ उठलं की या भागाकडं फारसं कुणी पाहिलं नाही. मला तो भाग आशेचा वाटतो आणि भीतीचाही. समाजाबरोबरचं काम म्हणजे काय, हे कोण ठरवणार? वृक्षारोपणाचा फोटो आणि गावात बसून वही दुरुस्त करणं एकाच रकान्यात पडणार असेल, तर फोटो जिंकेल.

म्हणून मागणी नेमकी हवी. पहिली गोष्ट, संस्कृतीच्या अभ्यासात गटानं केलेलं काम गटाचं म्हणूनच धरावं. पाच जणांत गुण वाटून प्रत्येकाला तुकडा देण्याची रीत प्रयोगशाळेच्या हिशेबातून आली आहे, ती इथं लागू करू नये. दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. मराठी मुलुखातल्या माणसांवरचा प्रबंध कोणत्याही भाषेत लिहिलेला असो, त्याचा पन्नास-साठ पानांचा मराठी सारांश, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचता येईल अशा मराठीत, प्रबंधाबरोबर द्यावा आणि तो परीक्षकानं वाचावा. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवावा लागतो, ते चांगलंच आहे. पण शोधगंगेवर गावातली आजी जात नाही. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली उभी राहिलेली हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, गावात आहेत, वाडीवर आहेत. सारांशाची एक प्रत त्या गावच्या वाचनालयात जावी. याला ना निधी लागतो ना यादी.

आणि तिसरी गोष्ट: मौखिक परीक्षेला त्या लोकांपैकी कुणीतरी असावं. यावर माझे सहकारी हसत नाहीत, पण गप्प होतात. 'त्यांना सैद्धांतिक चौकट कळेल का?' असा त्या गप्प बसण्याचा अर्थ असतो. चौकट कदाचित कळणार नाही. पण चौकटीत बसवलेली ओवी खरी की खोटी, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार आहे? आमचा मथळा चुकीचा आहे हे आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं, आणि मी पीएच.डी. आहे.

ही काही बाहेरून आणलेली पद्धत नव्हे. मराठीतलं पहिलं मोठं गद्य असंच तयार झालं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर गेल्यानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांना पाहिलेल्या, त्यांच्याबरोबर हिंडलेल्या माणसांकडं जाऊन आठवणी गोळा केल्या, परंपरा सांगते त्याप्रमाणं नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. ज्याच्या त्याच्या तोंडची भाषा त्यात आहे. बायकांच्या आठवणी आहेत, त्यांच्या नावानं आहेत. हे रिद्धपूरला झालं, आणि आता त्याच रिद्धपुरात शासनानं मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू केलं आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, ते मलाही गोड लागले. आता या नव्या विद्यापीठाकडं माझं लक्ष आहे. तिथं अजून जुन्या सवयी मुरलेल्या नाहीत. तिथल्या पहिल्यावहिल्या वार्षिक अहवालात 'किती चर्चासत्रं, किती निबंध' यांच्या आधी 'कोणाकडं गेलो, काय घेऊन आलो, काय परत नेलं' हा रकाना आला तर बाकीच्या विद्यापीठांना विचारता येईल, तुमच्याकडं का नाही?

त्या विद्यार्थिनीचा प्रबंध गेल्या वर्षी मंजूर झाला. तिच्या वहीची, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसकट, आम्ही झेरॉक्स काढून बांधणी केली. पहिल्या पानावर ओव्या देणाऱ्या सगळ्या जणींची नावं आहेत. वही त्या गावच्या वाचनालयाला दिली तेव्हा ग्रंथपालानं दाखल-नोंदवही उघडली, 'लेखक' या रकान्यात कोणाचं नाव लिहू म्हणून विचारलं, आणि मग आमच्या उत्तराची वाट न पाहता शेजारची ओळही धरून एकेक करून सगळी नावं लिहिली. हक्कसोडीची ओवी देणारी बाई तिथं उभी होती. आईचंबी लिवा, म्हणाली. त्यानं लिहिलं.

यंदाच्या तक्त्यात मी त्या वहीचा दाखल क्रमांक लिहून पाठवला आहे.